क्रूझवरची पोस्त

क्रूझचं सगळं बुकिंग झालं, दोन खोल्या शेजारी शेजारी मिळाल्या, धाकट्यासाठी क्रिब मागवली, आईंच्या (म्हणजे सासूबाई, तीन महिन्यांसाठी वेंगुर्ल्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या) नावापुढे ‘इंडियन व्हेज’ला टिक केलं आणि शेवटच्या पानावर एक ओळ आली. ग्रॅच्युइटी, ५६० डॉलर. नवरा म्हणाला, ग्रॅच्युइटी तर नोकरी सोडताना मिळते ना, इथे बसायच्या आधीच कसली?

तर ही ग्रॅच्युइटी म्हणजे टिप. माणशी रोज १६ डॉलर, पाच माणसं, सात रात्री. आणि या पाच माणसांत आमचा अडीच वर्षांचा धाकटाही एक पूर्ण माणूस. विमानात त्याचं तिकीट लागतं ते समजू शकते, सीट अडवतो, पण जो प्राणी दिवसभरात दोन फ्रेंच फ्राइज आणि सांडलेलं दूध यावर जगतो त्याच्या नावाने वेटरला रोज टिप? प्रत्येक लाईनचे (म्हणजे क्रूझ कंपनीचे) नियम वेगळे असतात हे नंतर कळलं. कार्निव्हल दोन वर्षांखालच्या बाळांना सोडते, रॉयल कॅरिबियन म्हणते सगळी माणसं सारखीच, मग ते आठ महिन्यांचं का असेना. आमची लाईन कुठली ते लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे, पण मोठ्या अमेरिकन बोटींवर माणशी रोज १६ ते २० डॉलर धरून चाला.

आईंनी ५६० चे रुपये केले. त्या सगळ्याचेच करतात, कोथिंबिरीच्या जुडीचेही करतात. सेहेचाळीस हजार म्हटल्यावर त्या गप्पच बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, एवढ्यात तर आमच्याकडे मुंज होते.

आपल्याकडे टिप म्हणजे काय, तर बिलाबरोबर बडीशेपेची वाटी येते, बाबा लोक चष्मा वर करून बिल तपासतात, सुटे परत आले की त्यातली दहाची किंवा वीसची नोट वाटीखाली सरकवतात आणि खडीसाखरेचे दोन खडे जास्त उचलून निघतात. वेटरच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्यानेही आपल्याकडे बघायचं नाही. एवढं साधं. मला अमेरिकेत बारा वर्षं झाली तरी बिलावर टिपची रेघ आली की पोटात थोडं ढवळतंच, वीस टक्के लिहिते पण लिहिताना दरवेळी बडीशेप आठवते.

नवऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर आधीच पीएचडी झालेली होती. एकाने लिहिलं की बोटीवर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करता येते, चक्क शून्यही करता येते. दुसऱ्याने लिहिलं की आम्ही मुलांची काढून टाकली, मोठ्यांची ठेवली, मुलं काय खातात हो. हे नवऱ्याला एकदम पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. दोन मुलांचे मिळून २२४ डॉलर होत होते, त्यात बंदरावर उतरून एक मस्त ट्रिप झाली असती.

मग नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडाहून बोटीत चढलो आणि पहिल्या संध्याकाळी साडेपाचच्या पंगतीला जेवायला बसलो.

लहान मुलं असतील तर पहिलीच पंगत घ्या आणि रोज तेच टेबल, तेच वेटर अशी फिक्स्ड वेळ घ्या हे आत्ताच सांगून टाकते. ‘कधीही या’वाल्या डायनिंगमध्ये रोज नवा माणूस, रोज नव्याने सांगा की याला सॉस वेगळ्या वाटीत लागतो, हिला पास्त्यावर हिरवं काही दिसलं तर ती रडते. आमच्या टेबलाला तिघं होते. एक मुख्य वेटर, इंडोनेशियाचा, एक असिस्टंट आणि वरून फिरणारा हेड वेटर. ऑर्डर घेणं, जेवण आणणं मुख्य वेटरचं. पाणी, ब्रेड, ताटं उचलणं, चमचे बदलणं आणि मुलांनी केलेला राडा आवरणं असिस्टंटचं.

राडा म्हणजे किती ते सांगते. पहिल्या पंधरा मिनिटांत धाकट्याने पाण्याचा ग्लास पाडला, ब्रेडच्या टोपलीतले रोल कुस्करले आणि भाताची मूठ भरून टेबलक्लॉथवर पेरणी केल्यासारखा टाकला. पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ. मी टिश्यूने गोळा करायला लागले तर असिस्टंट आला, खिशातून एक छोटी, पन्हळीसारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी काढली आणि सर्रकन एका हाताने सगळे कण ओढून दुसऱ्या हातातल्या बशीत घेतले. क्रंबर म्हणतात त्याला. कापडावर एक शीत राहिलं नाही. धाकटा बघतच राहिला. मग त्याने मुद्दाम अजून ब्रेड कुस्करला. मी डोळे वटारले, पण त्या पोराने हसून ती पट्टी धाकट्याच्याच हातात दिली आणि त्याचा हात धरून शिकवलं, असं धर, असं ओढ. पुढचे सहा दिवस आमच्याकडे जेवण म्हणजे आधी ब्रेड कुस्करणे, मग पट्टीने ओढणे आणि मधल्या वेळात जमलं तर दोन घास. पण तो खुर्चीत बसून राहत होता! अडीच वर्षांचं मूल तासभर एका जागी. ज्यांच्या घरी हे वय आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसायच्या आधीच धाकट्याच्या जागेवर कापलेली केळी आणि साधा भात ठेवलेला असायचा, मेनू यायच्या आधी. मोठीसाठी (ती सहा वर्षांची) मुख्य वेटर साखरेच्या पुड्यांची कोडी मांडायचा, तीन पुड्या हलवून मासा उलट्या तोंडाचा करून दाखव वगैरे. चिकन तोच बारीक कापून द्यायचा. मी सात रात्री माझं जेवण गरम खाल्लं. याआधी असं कधी झालं होतं तर बहुतेक २०१७ मध्ये.

असिस्टंट मडगावचा निघाला. आईंनी त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर देशाचं नाव वाचलं आणि सरळ मालवणीत विचारलं, “खंयचो रे तू?” तो दचकलाच. त्यानंतर दोघांचं जे सुरू झालं ते थांबलंच नाही, तो कोंकणीत, त्या मालवणीत, आणि मधे आम्ही दोघं नुसते बघत बसलेले. आईंचं लहानपण गिरगावातलं, त्यांना धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी माहीत होत्या, गावागावाच्या नावाने चालणारे ते क्लब, जिथे बोट लागेपर्यंत खलाशी येऊन राहायचे. त्याचे आजोबा तसल्याच एका कुडीत राहिलेले. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात, त्याच्या घरात तो तिसरा तारवटी. आईंच्या वेंगुर्ल्याच्या आळीतही अर्धी पोरं बोटीवर, फक्त त्या आजवर त्यांना सुट्टीवर आलेले, गळ्यात चेन घालून फिरणारे असेच बघत आलेल्या. कामावर असताना पहिल्यांदाच बघत होत्या.

त्या रोज त्याला विचारायच्या, “झिला, जेवलंस मां?” आणि तो रोज सांगायचा, नाही आंटी, मागीर. हे ‘मागीर’ म्हणजे रात्री अकराच्या पुढे. सकाळी सहाला बफेवर ड्युटी, मग दुपारचं जेवण, मधे दोन-तीन तास झोप, मग आमची पंगत, मग आठची दुसरी पंगत, मग उद्याची टेबलं लावून ठेवायची. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केलाय, त्यात २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास काम आणि आठवड्याला ७२ तास अशी मर्यादा आहे. म्हणजे बघा, मर्यादा ही आहे. नवरा ७२ तास ऐकून म्हणाला, मी स्टार्टअपमध्ये केलेत. पण त्याला रविवार होता, याचा कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचा आणि त्यात सुट्टीचा दिवसच नाही. बोटी अमेरिकेतून सुटतात, प्रवासी अमेरिकेचे, पण झेंडा बहामाचा नाहीतर पनामाचा, त्यामुळे अमेरिकेतला किमान पगाराचा कायदा यांना लागत नाही. मग वेटरच्या हातात जे पडतं त्यातला मोठा भाग या ग्रॅच्युइटीतूनच येतो. माझं स्पष्ट मत, हा पगारच आहे, फक्त आपल्या बिलावर वेगळ्या नावाने छापलाय म्हणजे जाहिरातीत तिकीट स्वस्त दिसतं. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये हा वेगळा आकार बंद करून टाकला, तिथे टिप द्यायची तर तुमची मर्जी. मग बाकीच्यांना काय होतं? माझी कुरकुर ती हीच. वेटरवर नाही, त्या छापणाऱ्यावर.

आणि हे पैसे नुसते आपल्या तीन वेटरांना जात नाहीत. खोली आवरणारा, बफेवरचे लोक, मागे भांडी धुणारे, लाँड्रीवाले, असा सगळा वाटा असतो. खोलीवाला आमच्याकडे रोज टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा, हत्ती, माकड, एकदा तर माझा गॉगल घातलेला ससा, आणि त्या प्राण्याला उलगडू द्यायचं नाही असा मोठीचा हुकूम, म्हणून आम्ही सहाव्या दिवशी अंग पुसायला टॉवेल मागून आणले.

चौथ्या की पाचव्या दिवशी संकष्टी आली. आईंनी गेल्या वर्षी माळ घातली आणि मासे सोडले, आता वेंगुर्ल्याच्या बाईने मासे सोडणं म्हणजे काय ते कोकणातल्यांनाच कळेल, पण संकष्टी त्या लग्नाआधीपासून करतात. मला वाटलं बोटीवर नाही केली तर चालेल, गणपती समजून घेईल. असं मी म्हणाले नाही, फक्त तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी आदल्या रात्रीच असिस्टंटला सांगून ठेवलं होतं. दिवसभर त्यांचं दही, उकडलेला बटाटा, भाजलेले दाणे आणि फळं यावर निभावलं, दाणे त्याने बारवरून आणले, खारे नसलेले. चंद्रोदयाची वेळ हा मोठाच प्रश्न. माझ्या अ‍ॅपवर न्यू जर्सीची वेळ, आणि आम्ही कुठेतरी क्यूबाच्या खाली. शेवटी आई म्हणाल्या दिसेल तेव्हा उगवला. पाचव्या मजल्यावरच्या डेकवर आम्ही दोघी उभ्या, वाऱ्याने पदर नुसता फडफडतोय, आणि पावणेनऊच्या सुमारास पाण्यातून तांब्याच्या परातीसारखा वर आला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, आईंनी हात जोडले.

आमची पंगत कधीच संपली होती. दुसऱ्या पंगतीची ऐन गर्दी, प्रत्येक वेटरकडे पाच-सहा टेबलं, आमच्या टेबलावर दुसरेच लोक बसलेले. असिस्टंटने लांबूनच हात केला आणि किचनच्या दाराजवळ एक दोघांचं छोटं टेबल होतं तिथे बसवलं. बोलायला त्याला वेळ नव्हता. ताट ठेवलं आणि पळाला. वरण, भात, बिनकांद्याची बटाट्याची भाजी, किचनमधल्या कुठल्यातरी आपल्याकडच्या कुकला गाठून केलेली. आणि ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. बरोब्बर तिथेच, जिथे पंगतीत वाढतात. आईंनी ते लिंबू बोटाने थोडं सरळ केलं, जणू कुणाच्या लक्षात यावं म्हणून, आणि जेवायला लागल्या.

आता याचे किती? १६ डॉलरमध्ये हे धरलेलं असतं का? मी त्या रात्री खरंच हिशोब करत बसले होते आणि मला तो जमला नाही.

शेवटच्या संध्याकाळी नवरा गेस्ट सर्व्हिसेसच्या रांगेत उभा राहिला. दोन कामं होती. एक म्हणजे आम्ही न घेतलेल्या सोड्याचे तीन डॉलर बिलात लागले होते, वर त्याच्यावर अठरा टक्के सर्व्हिस, चोपन्न सेंट. (पेयांवर, बारवर हे १८-२० टक्के आपोआप लागतातच, त्याच्याखाली अजून एक रिकामी टिपची रेघ असते, तिथे घाईत परत लिहू नका.) दुसरं काम म्हणजे मुलांची ग्रॅच्युइटी काढणे. हे दुसरं काम अजून त्याच्या डोक्यात होतं हे मला माहीत नव्हतं, मला वाटलं क्रंबरनंतर ते निकालात निघालं. पाऊण तासाने परत आला. पुढच्या कुटुंबाने सहाच्या सहा माणसांची काढून टाकली म्हणे, आम्ही बफेवरच खाल्लं असं सांगून, जसं काही बफेवरच्या ताटांना पाय असतात. आणि तू? तर म्हणाला, सोड्याचे साडेतीन परत मिळाले. आणि ते? ते राहिलं. का राहिलं? काउंटरवरच्या मुलीने अजून काही म्हणून विचारलं, मी म्हटलं ते ग्रॅच्युइटीचं, तर तिने काहीच न बोलता फॉर्म पुढे केला. त्यात ‘कारण’ म्हणून एक चौकोन होता. काय लिहू? मुलं लहान आहेत? तिने जरा हुज्जत घातली असती ना तर लिहिलं असतं मी.

रोख पैशांची पाकिटं आम्ही वेगळी करणारच होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या वेळी, वीसेक वर्षांपूर्वी, सगळी टिपच अशी शेवटच्या रात्री पाकिटातून हातात द्यायची पद्धत होती, रॉयल कॅरिबियनने तर २०१३ मध्ये आपोआप लावायला सुरुवात केली. आता पाकीट म्हणजे वरची खुशी. पाच-दहाच्या नोटा घरूनच न्या, बोटीवरच्या एटीएमला फी जबर आहे. आम्ही असिस्टंटला साठ, मुख्य वेटरला साठ, हेड वेटरला वीस, खोलीवाल्याला चाळीस ठरवले. जास्त की कमी, मला माहीत नाही, आम्हाला झेपलं ते. किड्स क्लबच्या मुली बऱ्याचदा या वाट्यात नसतात, त्यांना मोठीने चित्र काढून दिलं आणि मी आत वीस सरकवले.

पाकिटं मी काउंटरवरून पांढरी आणली होती. आईंनी ती बाजूला केली आणि बॅगेतून लग्नाची पाकिटं काढली, लाल, सोनेरी गणपतीवाली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. वेंगुर्ल्याहून अमेरिकेला येताना ही बाई आहेराची पाकिटं घेऊन आली होती, कुणाकडे जावं लागलं तर म्हणून. म्हणाल्या, दिवाळीला पोस्टमनला, कचरेवाल्याला आपण पोस्त देतो ना, तशीच ही. पोस्त द्यायची तर नीट द्यायची, हातात द्यायची. मी पोस्त हा शब्दच किती वर्षांनी ऐकला. टिप म्हटलं की मला ढवळतं, पोस्त म्हटलं की नाही ढवळत, गंमतच आहे.

असिस्टंटने पाकीट बघितलं आणि नाण्यावर अंगठा फिरवला, त्याला काही सांगावं लागलं नाही. आईंच्या पाया पडायला वाकला, त्यांनी मधेच धरला. मुख्य वेटरने मात्र नाणं बघून मोठीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, आजीला राउंड नंबर आवडत नाहीत. हेड वेटरला वाटलं नाणं चुकून चिकटलंय, तो ते सोलून परत द्यायला लागला, मग सगळ्यांनीच हातवारे करून थांबवलं.

अजून एक. घरी आल्यावर जो सर्व्हे येतो तो भरा आणि त्यात नावं लिहा. मुख्य वेटर शेवटच्या रात्री जरा अवघडून सांगत होता की दहापैकी दहा द्याल ना, नऊ म्हणजे आमच्यासाठी नापासच. मी नावं मेनूकार्डाच्या मागे लिहून आणली होती, घरी येऊन तिघांची टाकली, संकष्टीचं ताटही लिहिलं. इंग्रजीत लिंबू-मीठ कसं समजावणार, तरी चार ओळी लिहिल्या.

५६० तसेच कापले गेले. धाकट्याच्या नावाचे ११२ त्यात आहेत, आणि सध्या तो घरी रोज जेवताना पोळी कुस्करतो आणि माझं जुनं लायब्ररीचं कार्ड घेऊन टेबल ओढत बसतो. बशी मला धरावी लागते.